अर्ज तिचा, ओटीपी तुमचा

प्रति,
बारावीतल्या एका मुलीचे वडील,
जिल्हा वर्धा.

भाऊ,

मुलीच्या शिक्षणासाठी तुम्ही किती खस्ता खाल्ल्या हे सगळ्या गल्लीला पाठ आहे, कारण पानठेल्यावर तुम्हीच ते रोज सांगता. त्याच खस्तांचा हिशेब आज मी मांडते आहे. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि दहावीचा निकाल लागला की पेरण्या होईपर्यंत प्रवेशाच्या टेबलावर बसते. तुम्ही मला ओळखता. तुमच्यासारखे बाप देवळीत आहेत, सेलूत आहेत, आर्वी-हिंगणघाटात आहेत, आणि वर्धा शहरात तर गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे हे पत्र आपल्यालाच आलं आहे असं पुष्कळांना वाटेल. वाटू द्या. तुमचं नाव मी लिहीत नाही, ते तुमच्या मुलीला चारचौघांत मान खाली घालावी लागू नये म्हणून.

तुमचा गुन्हा असा. जे त्या पोरीनं करायचं होतं ते सगळं तुम्ही केलं, आणि अख्ख्या घरात जे एकट्या तुम्हालाच करता येण्यासारखं होतं ते आजपर्यंत केलेलं नाही.

अकरावीच्या अर्जापासून सुरुवात करते. २०२५ साली अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया राज्यभर लागू झाली. तोवर ती मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या मोठ्या शहरांपुरती होती. आपल्याकडे पोरं कॉलेजात यायची, खिडकीवरून अर्ज घ्यायची, व्हरांड्यात बसून एकमेकांना विचारत भरायची. नव्या पद्धतीत अर्जाच्या भाग दोनमध्ये दहापर्यंत पसंतीक्रम द्यायचे होते. २१ मे रोजी संकेतस्थळ सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी कोलमडलं, ते २६ मेपासून नव्यानं सुरू झालं. त्या गोंधळात मुलांच्या पाठीशी मोठं माणूस हवंच होतं. तुम्ही मात्र पाठीशी उभे राहिला नाहीत, तिला बाजूला सारून खुर्चीत बसलात. नोंदणीला नंबर तुमचा, ईमेल तुमचा, पासवर्ड तुमच्या मोबाइलच्या कव्हरमागे खोचलेल्या चिठ्ठीवर. त्या अर्जात तिचं म्हणून उरलं होतं नाव आणि दहावीचे गुण.

तुम्ही टेबलाशी आलात तेव्हा ती मागे उभी होती. मी तिला विचारलं, ‘बेटा, पहिला पसंतीक्रम कोणता टाकलास?’ तिनं तुमच्याकडे पाहिलं. ‘तिले का समजते, मॅडम? मीच टाकला,’ तुम्ही म्हणालात. गणितात तुमच्यापेक्षा जास्त समजणाऱ्या मुलीसमोर म्हणालात. मग तुम्ही झेरॉक्स आणायला गेलात. ती टेबलाच्या कडेला आली आणि दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत हळूच म्हणाली, ‘मॅडम, अर्जाचा भाग दोन अजून बदलता येतो का?’ बदलता येत होता. पण पासवर्ड तुमच्या खिशात होता आणि तुम्ही झेरॉक्सच्या दुकानात होता.

तिच्या पहिल्या पसंतीच्या जागी तुम्ही एका खेड्यातलं कनिष्ठ महाविद्यालय टाकलं होतं. तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. तिथं रोज जावं लागत नाही, हजेरीचं ‘पाहून घेतात’, एवढीच त्याची गुणवत्ता तुम्हाला कुणीतरी सांगितली होती. नियम असा की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. ते मिळालं. नाव खेड्यातल्या हजेरीपटावर आणि मुलगी नागपूरच्या क्लासच्या होस्टेलात, अशी तिची वाटणी झाली. हा उद्योग नवा नाही. तो मोडण्यासाठी शासनानं २०१८ साली नागपूरसह काही विभागांत अकरावी-बारावी विज्ञानाला बायोमेट्रिक हजेरी लावायचा आदेश काढला होता. यंत्रं आली, धूळ खात पडली. पालकांनाच हजेरी नको असेल तर यंत्र कुणाचा अंगठा घेणार?

बारावीला प्रत्येक विज्ञान विषयात शंभरापैकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात. दोन वर्षांत तिच्या हाती ब्युरेट आलं नाही. जर्नल मात्र पूर्ण होणार, कारण पैसे घेऊन जर्नल लिहून देणारा माणूस तुम्ही आतापासूनच शोधून ठेवला आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला तुम्ही घरबसल्या पहिला धडा दिलात: स्वतः न केलेल्या कामाखाली सही करायची. उद्या ती डॉक्टर झाली आणि न तपासलेल्या पेशंटच्या कागदावर सही केली, तर ते तिनं कॉलेजात शिकलेलं नसेल, तुमच्याकडून शिकलेलं असेल.

आणि डॉक्टरच का? ते तिला कुणी विचारलं? तुम्ही आठवीपासून तिला ‘फाउंडेशन’ला घातलं. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासनं घेऊ नये, दहावीची परीक्षा झाल्यावरच घ्यावं, असं केंद्राच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या सूचना जशा क्लासवाल्यांनी बाजूला ठेवल्या, तशाच तुम्हीही ठेवल्या. २०२४ साली देशभरातून तेवीस लाखांवर मुलं नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या पुढे. हे गणित तुम्हाला समजत नाही असं नाही, तुम्ही बाजार समितीत कापसाच्या क्विंटलमागचा एकेक रुपया मोजता. तुमची मुलगी त्या लाखात येईलही. पण नाही आली तर काय, हे तिच्याशी तुम्ही एकदाही बोललेला नाहीत. कोचिंग क्लासच्या कोटा शहरात एकट्या २०२३ साली वीसहून जास्त विद्यार्थ्यांनी जीव दिला. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरीही ‘आम्ही तिच्यासाठी सगळं केलं’ म्हणणारी माणसं असतील. तुमची मुलगी होस्टेलवर नीट झोपते का, जेवते का, कुणाशी बोलते का? रविवारच्या फोनवर तुम्ही आधी टेस्टचे मार्क विचारता, आणि मार्क कमी असले की फोन तिच्या आईकडे देता.

तिला शेतीचं शिकायचं आहे. हेही तिनं मलाच सांगितलं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात जायचं आहे. तुमच्या बारा एकरांत बोंडअळीनं पऱ्हाटी बसली, तेव्हा ती सातवीत होती आणि हिरवी बोंडं फोडून आतली गुलाबी अळी वहीवर काढत होती. ती वही मी पाहिली आहे. तुम्ही पाहिली का? ‘मातीच चिवडायची तर कॉलेज कायले पायजे?’ असं तुम्ही तिला म्हणालात. ज्या शेतीनं पोरीच्या क्लासची फी भरली, तिच्याविषयी असं बोलताना तुमची जीभ अडखळली नाही.

आपण राहतो तो जिल्हा कोणता, याचा तरी विचार करायचा होता. वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी देशभरातली शिक्षणातली माणसं जमली आणि त्यातून नई तालीम निघाली. तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेन होते. मुलानं हातानं काम करत शिकावं, हा त्या विचाराचा गाभा. सेवाग्रामच्या शाळेत मुलं सूत कातायची, सफाई करायची, स्वयंपाक करायची. त्याच जिल्ह्यात आज तुमच्या मुलीच्या हाती स्वतःच्या अर्जाचा माऊससुद्धा पडत नाही.

पण मी सेवाग्रामचा दाखला अर्धाच देणार नाही. तुम्ही भिंतीवर ज्या गांधींचा फोटो लावला आहे, त्यांनीही बाप म्हणून हेच केलं. त्यांच्या मुलाला, हरिलालला, विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हायचं होतं. डॉ. प्राणजीवन मेहता यांनी गांधींच्या एका मुलाचं विलायतेतलं शिक्षण करायची तयारी दाखवली होती. गांधींनी ती शिष्यवृत्ती आधी पुतण्या छगनलालला दिली आणि तो आजारी पडून परतल्यावर सोराबजी अडाजनिया यांना. मुलाला वाटत राहिलं की आपला हक्क बापानं दुसऱ्याला वाटला. १९११ साली हरिलाल घर सोडून निघाला, पुढे मॅट्रिकला नापास होत राहिला, आणि बाप-लेकांतलं अंतर शेवटपर्यंत भरून आलं नाही. गांधींच्या मागे निदान तत्त्व होतं, आपल्या माणसांना झुकतं माप द्यायचं नाही हे. तरीही मी म्हणते ते चुकले. तुमच्या मागे कोणतं तत्त्व आहे? शेजारच्या गुरुजींचा मुलगा सावंगीच्या मेडिकलला लागला, एवढंच ना?

२०१९ साली अमेरिकेत श्रीमंत आईबापांचं मोठं प्रकरण उघडकीस आलं. मुलांना नामांकित विद्यापीठांत घुसवण्यासाठी त्यांनी दलालाला पैसे चारले होते. फेलिसिटी हफमन या अभिनेत्रीनं मुलीच्या प्रवेश परीक्षेतली उत्तरं दुरुस्त करून घेण्यासाठी पंधरा हजार डॉलर दिले आणि तिला चौदा दिवसांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा तिनं आईला विचारलं, तुझा माझ्यावर विश्वास नव्हता का? हे आईनं स्वतः न्यायाधीशांना पत्रात लिहिलं. तुम्ही कायदा तेवढा मोडलेला नाही. पण जर्नल लिहून घेणाऱ्या बापाला मुलगी हाच प्रश्न विचारेल, आणि तो विचारायला तिला न्यायालय लागणार नाही.

आता तुमचं न केलेलं काम.

तुमच्या थोरल्याच्या वेळचं आठवा. इंजिनिअरिंगला ओबीसीतून जागा लागली होती, चांगलं कॉलेज होतं. जातीची व्हॅलिडिटी मुदतीत आली नाही, जागा गेली, आणि शेवटी भरमसाठ फी भरून दुसरीकडे घेतलं. आजही तुम्ही त्याचा दोष जात पडताळणी समितीला देता. समितीचं काय चुकलं ते चुकलं. पण बारावीचं अख्खं वर्ष हातात असताना तुम्ही अर्ज केव्हा केला? निकाल लागल्यावर.

जात पडताळणीला ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, जातीची नोंद असलेला पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. म्हणजे तुमच्या मुलीचा प्रवेश तुमच्या वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवर अवलंबून आहे. ती शाळा कोणती, रजिस्टर आता कोणत्या केंद्रशाळेत गेलं, आजोबांचं नाव तिथं ‘झिबल’ लिहिलंय की ‘झिबलाजी’, आडनाव आहे की नुसतंच बापाचं नाव, हे तिला कसं कळणार? ते तुम्हाला ठाऊक आहे, नाहीतर तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या काकांना. कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढावी लागते. चुलत भावाकडे व्हॅलिडिटी असेल तर तिची प्रत मागावी लागते, आणि बांधाच्या भांडणावरून चुलत घराशी बोलणं बंद असेल तर ते आधी सुरू करावं लागतं. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र तुम्हालाच करायचं आहे. नावात फरक असेल तर त्याचा खुलासा तुम्हालाच द्यायचा आहे. हे काम सतरा वर्षांच्या पोरीचं नाही. हे बापाचं काम आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत, पाय झिजवावे लागतात.

नॉन-क्रिमीलेअर तसंच. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद, आणि पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं प्रमाणपत्र. जून-जुलैत वर्धा, आर्वी, हिंगणघाट या तिन्ही उपविभागीय कार्यालयांत अर्जांचे ढीग साचतात, सेतूतली पोरं रात्री उशिरापर्यंत बसतात, आणि त्या ढिगात तुमचा अर्ज सर्वांत वर असावा म्हणून तुम्ही ओळखी काढता. एप्रिलमध्येच केला असता तर ओळख लागली नसती.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी होती. आठ जुलै २०२४च्या शासन निर्णयानं, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफी शंभर टक्के मिळते. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ती मिळत नाही. म्हणजे कागद वेळेवर ठेवले तर तुमच्या मुलीला बरंच शिक्षण फुकट आहे, आणि कागद नसल्यामुळे तुम्ही मॅनेजमेंटची जागा घ्यायला धावलात तर शेत गहाण टाकायची पाळी येईल. क्लासच्या फीची पावती तुम्ही फाइलमध्ये लॅमिनेट करून ठेवली आहे. त्या फाइलमध्ये तुमच्या वडिलांचा दाखला नाही.

समुद्रपूर, कारंजा, आष्टी तालुक्यांतल्या खेड्यांतून काही आईबाप माझ्या टेबलाशी येतात. कापूस वेचणीची मजुरी आणि फार तर तिसरी-चौथीपर्यंत शाळा. ते मुलीला पुढे करतात आणि स्वतः मागे उभे राहतात. अर्जातलं वाक्य न् वाक्य ती मुलगी वाचते, त्यांना समजावून सांगते, मग ते सही करतात किंवा अंगठा देतात. त्या मुली आपल्या अर्जात काय लिहिलंय ते न अडखळता सांगतात, कारण लिहिलेलं त्यांचंच असतं. मी त्या घरांचं कौतुक करून मोकळी होणार नाही. व्हॅलिडिटी, शुल्कमाफी, वसतिगृह यांतलं काहीच कुणी त्यांना सांगितलेलं नसतं, आणि चांगल्या मुलींच्या जागा दरवर्षी एका कागदापायी जातात. त्यांना मदत हवी आहे, आणि ती आम्ही शिक्षकांनी, शाळांनी, समाजकल्याण खात्यानं द्यायची आहे. पण ज्यांना कार्यालयाची वाट ठाऊक आहे, ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे, ज्यांचा साहेबांशी रामराम आहे, त्या तुमच्यासारख्यांनी ती वाट सोडून मुलीचा कीबोर्ड का धरावा?

तुम्हाला तिला सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात घालायची फार इच्छा आहे. ते कॉलेज सुशीला नायर यांनी १९६९ साली काढलं, तुमच्या मुलीच्या मनातलं अकोल्याचं विद्यापीठही त्याच सालचं. नीट येईपर्यंत सेवाग्रामची प्रवेश परीक्षा वेगळी होती आणि तीत गांधीविचारांचा पेपर असायचा. आजही नव्या मुलांना सुरुवातीला आश्रमात राहावं लागतं, झाडलोट करावी लागते, खादी घालावी लागते. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला त्या गावातली काही घरं येतात, आणि त्या घरांत जाऊन म्हाताऱ्यांचा दमा, बाळंतिणीचं रक्त, पोरांचा आहार विचारावा लागतो. तिथं तिच्याऐवजी तुम्हाला जाता येणार नाही. अनोळखी घराच्या उंबऱ्यावर उभं राहून काय बोलायचं, हे ज्या मुलीनं आयुष्यात एक अर्जही स्वतः भरला नाही तिला एका दिवसात येणार नाही. ती चुकत, अडखळत शिकेल, पण चार वर्षं उशिरा. ती चार वर्षं तुम्ही खाल्लीत.

तुमच्या मनातही भीती आहे, हे मला कळतं. तुमच्या वेळी कुणी सांगणारं नव्हतं, आयटीआयचा फॉर्म भरायची तारीख निघून गेली आणि तुम्ही शेतातच राहिलात, हे तुम्ही एकदा बोलून गेला होता. ते दुःख खरं आहे. म्हणूनच राग येतो. ज्या माणसाला तारीख चुकल्याचं दुःख माहीत आहे, त्यानंच व्हॅलिडिटीची तारीख थोरल्याच्या वेळी चुकवली आणि धाकटीच्या वेळी चुकवायच्या बेतात आहे.

अजून वेळ गेलेली नाही. बारावीचं वर्ष चालू आहे, पडताळणीचा अर्ज आत्ता करता येतो. त्याला प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र लागतं, ते तिचं कॉलेज देतं, त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही. नीटचा अर्ज निघेल, सीईटीचा निघेल. ते तिच्या नंबरावरून, तिच्या हातानं भरू द्या. चुकली तर दुरुस्तीची मुदत असते. तुम्ही शेजारी बसा, चहा प्या, फी भरा, आणि तिनं विचारलं तरच बोला. पसंतीच्या पहिल्या रकान्यात तिनं अकोला लिहिलं तर लिहू द्या. तिची अळीची वही एकदा मागून घ्या आणि पाहा.

आणि सोमवारी तहसीलमध्ये जा. आजोबांच्या नावाची कोतवाल बुकाची नक्कल काढायला पूर्ण नाव, गाव आणि अंदाजे साल लागेल. ते तुमच्याशिवाय घरात कुणालाच माहीत नाही.

आपली,
प्रवेशाच्या टेबलावरची मॅडम